वेदीवरची पंखवाली बाळे

जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा एखाद्या शौकिनाच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेले लाकडी बाळमुख आपण कधीतरी पाहिले असेल. फुगीर गाल, कुरळे केस, आणि धड नाहीच. हनुवटीखाली एकदम दोन पंख! हे बाळ कोण, नि ते भिंतीवर आले कसे, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

बायबलात यांना 'करूब' म्हटले आहे. पण गंमत अशी, की ते करूब मुळी बाळे नव्हेतच. यहेज्केल संदेष्ट्याला दिसलेल्या करूबांना चार तोंडे आणि चार पंख होते. पाहणाऱ्याला धडकीच भरावी! मग हे गोंडस रूप आले कुठून? ते आले रोमन लोकांच्या मदनाकडून, क्युपिडकडून. पंधराव्या शतकात इटलीतल्या दोनातेल्लोसारख्या शिल्पकारांनी प्राचीन रोमन कामावरची पंखवाली मुले उचलली आणि चर्चमध्ये आणून बसवली.

पोर्तुगिजांबरोबर ती गोव्यात उतरली. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलचे काम १५६२ साली सुरू झाले, बॉम जेझूचे १५९४ साली. एवढ्या वेदी, एवढी प्रवचनपीठे कोरायची, तर हात किती लागणार? ते हात बहुतेक इथलेच होते. १५६७ साली गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने, हिंदू कारागिरांकडून पूजेच्या प्रतिमा करवून घेऊ नयेत, असे ठरवले. मनाई करावी लागली, यातच सारे आले. काही मुखांचे बदामी डोळे पाहिले, की कोरणाऱ्याच्या मनात आपले गंधर्वच घोळत असावेत, असे वाटते.

काम मोठे चिकाटीचे. आधी मुरलेल्या लाकडात मुख कोरायचे. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे थर देऊन घासून गुळगुळीत करायचे. मग गालांना रंग, आणि पंखांना सोन्याचा वर्ख. म्हणजे लाकडाइतकीच किंमत त्या पातळ थरांची.

मग ही बाळे वेदीवरून उतरली कशी? १८३४ साली पोर्तुगालने धर्मसंघ बरखास्त केले आणि पुढल्या वर्षी गोव्यातले मठ ओस पडले. संत ऑगस्टीनच्या चर्चचे छत १८४२ साली कोसळले. युरोपातही तेच, बव्हेरियातले मठ १८०३ साली सरकारजमा होऊन त्यांचे सामान विकले गेले. आता अखंड वेदी घरात कोण ठेवणार? पण हातभर मुख एका खिळ्यावर मावते. अशा रीतीने ते शोभेची वस्तू झाले.

यात नुकसान दुहेरी झाले. लाकूड उठून दिसावे म्हणून कोणी मूळ रंग खरवडून काढतो, कोणी त्यावर बाजारी सोनेरी रंग फासतो. दुसरे असे, की मुख राहते आणि त्याचे गाव हरवते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने असे कोरीवकाम खाजगी व्यक्तीला परदेशी नेता येत नाही. गोव्यात ख्रिस्ती कलेचे संग्रहालयही आहे. ते १९९४ साली राशोलला उघडले, पुढे जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात गेले. पण कायदा दारापर्यंतच येतो. घरातल्या भिंतीवर तो काय करणार?

तेव्हा असे मुख कुणाच्या घरी दिसले, तर ते किती रुपयांना पडले, हे मागाहून विचारा. आधी विचारा, ते कुठल्या वेदीवरचे? उत्तर मिळाले, तर मुखामागे कागदावर लिहून चिकटवायला सांगा. तेवढ्यानेही त्या बाळाला आपले गाव परत मिळेल.