रात्री 10.53

ऑक्टोबर 2019, शनिवार. सांगलीतला एक छोटा ऑफसेट प्रेस. दिवाळीला दोन आठवडे उरलेले आणि 208 पानांचा दिवाळी अंक अजून मशीनवर चढायचा होता. 13 फॉर्मपैकी (एका फॉर्मात 16 पानं) नऊ प्लेटवाल्याकडे गेलेले, चार बाकी. त्या चार फॉर्मची शेवटची मुद्रितं तपासायला मी तिथं होते. त्या रात्री जे झालं ते वेळेसकट लिहून ठेवते आहे, कारण त्यात वेळेलाच महत्त्व होतं.

दुपारी 4.30 (6 तास 23 मिनिटं आधी)

पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरनं फाइल सेव्ह करायला नकार दिला. डी ड्राइव्हची पट्टी लाल. डिस्क 500 जीबीची, 2011 साली बसवलेली, आणि बसवली त्याच दिवशी आधीच्या कॉम्प्युटरवरचं सगळं काम तिच्यावर उतरवलेलं. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, कुळवृत्तांत, हौशी कवींचे संग्रह. 2003 पासूनचं सगळं.

या कामाच्या सीडीही होत्या. त्या खालच्या मजल्यावर, लोखंडी कपाटात. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फुटांची. कपाट चार दिवस पाण्यात होतं. कॉम्प्युटर माळ्यावर नेला म्हणून वाचला. तेव्हापासून त्या प्रेसची 16 वर्षं एकाच डिस्कवर होती आणि हे कोणी मोठ्यानं बोलून दाखवलं नव्हतं. पूर ओसरल्यावर माणसं भिंती धुतात, मशीन उघडतात, कागद वाळवतात. कॉम्प्युटर चालू होतोय ना, मग तो विषय संपतो.

संध्याकाळी 6.45 (4 तास 8 मिनिटं आधी)

हार्डवेअरचं काम करणारा मुलगा 1 टीबीची नवी डिस्क घेऊन आला. हुशार आणि कामाचा मुलगा. पुरानंतर अर्ध्या बाजारपेठेचे कॉम्प्युटर त्यानंच उभे केले होते.

"नवीन विंडोज टाकून देऊ का अण्णा?"

"नको रे बाबा. जसंच्या तसं पाहिजे. एक अक्षर हलायला नको."

प्रेसचे मालक अण्णा, त्यांचं म्हणणं हट्टाचं नव्हतं. मशीनवर विंडोज 7 होतं, आणि 14 जानेवारी 2020 नंतर मायक्रोसॉफ्ट त्याला हात लावणार नव्हतं, हे खरं. पण सगळं काम युनिकोडच्या आधीच्या फाँटांत. तशा फाँटात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. नेमका तोच फाँट मशीनवर नसेल, तर कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. फाँटांची मूळ सीडी पुरात गेलेली, पेजमेकरचीही. म्हणून आख्खी सिस्टिमच उचलून मोठ्या डिस्कवर ठेवायची होती.

"होतंय की. क्लोन मारू," मुलगा म्हणाला.

डी ड्राइव्हवर दिवाळी अंकाचं फोल्डर 11 जीबीचं होतं. प्रेसमध्ये चार पेनड्राइव्ह पडलेले. अर्ध्या तासाचं काम होतं. सगळ्यांचा जीव विंडोजमध्ये आणि फाँटांमध्ये अडकलेला, आणि ते साहजिकही होतं, कारण तेच हलवायला अवघड. जे नुसतं कॉपी-पेस्ट करून वाचलं असतं, त्याची काळजी कोणाला वाटली नाही.

रात्री 8.40 (2 तास 13 मिनिटं आधी)

कॅबिनेट उघडून नवी डिस्क जोडली. मशीन विंडोजवर न चढवता पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर चढवलं. हे अगदी बरोबर. विंडोज चालू असेल तर तिच्या फाइली सतत बदलत राहतात.

त्यानं दोन्ही डिस्कचे आकार पाहिले. 465.8 आणि 931.5. (बाजारातले 500 आणि 1000 जीबी मशीनच्या हिशोबात असे दिसतात.) जुनीचं नाव आलं एसडीए, नवीचं एसडीबी. टेबलावर माझ्या मुद्रितांचे रद्द झालेले कागद होते. एकाच्या पाठीवर त्यानं पेननं आज्ञा लिहून घेतली: डीडी, आयएफ म्हणजे कुठून, त्यापुढे एसडीए, ओएफ म्हणजे कुठे, त्यापुढे एसडीबी.

या कागदावर एक गोष्ट लिहिलेली नव्हती. एसडीए हे डिस्कचं नाव नव्हे. मशीन चालू होताना ज्या क्रमानं डिस्क सापडतात, त्या क्रमानं ती नावं वाटली जातात. डिस्कवर कायमचा असतो तो लेबलावरचा सीरियल नंबर. 8.55 ला कॉपी सुरू झाली.

रात्री 9.28 (1 तास 25 मिनिटं आधी)

130 जीबीवर कॉपी थांबली. वाचता येत नाही, असा संदेश. जुन्या डिस्कमधून टक्-टक् आवाज येत होता.

आठ वर्षांची डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचणं हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम असतं. रोजच्या वापरात तिचे कित्येक कोपरे वर्षानुवर्षं कोणी वाचत नाही, आणि खराब झालेली जागा वाचायला गेल्याशिवाय कळत नाही. अशा आजारी डिस्कसाठी डीडीरेस्क्यू नावाचं वेगळं साधन आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अडलेल्या जागांवर शेवटी परत येतं. साधं डीडी अडलं की अडलं.

नव्या डिस्कवर या घडीला पहिले 130 जीबी जसेच्या तसे उतरले होते. त्यात 100 जीबीचा सी ड्राइव्ह पूर्ण आला. डी ड्राइव्हचे पहिले 30 जीबी आले, आणि फाइलींची नावं, तारखा, आकार असलेली नोंदवहीही आली, कारण विंडोज ती ड्राइव्हच्या सुरुवातीजवळ ठेवते. हा तपशील पुढे लागणार आहे.

मुलाला केबलचा संशय आला. त्यानं मशीन बंद करून केबल बदलली आणि जुनी डिस्क दुसऱ्या पोर्टवर लावली. त्यासाठी नवी पहिल्यावर गेली. संशय रास्त होता, उपायही रीतीचा होता.

रात्री 10.20 (33 मिनिटं आधी)

मशीन पुन्हा लिनक्सवर चढलं. आता पहिल्या पोर्टवर नवी डिस्क, म्हणून एसडीए तीच. जुनी झाली एसडीबी. मुलानं कागदावरची ओळ जशीच्या तशी मारली. फक्त शेवटी जोड दिली, की वाचता आलं नाही तर थांबू नको, पुढे जा. आकार पाहायची आज्ञा या वेळी मारली नाही. ते मघाशीच पाहिलं होतं.

एंटर.

आता नवी डिस्क जुनीवर लिहिली जात होती.

त्या मुलाला अडाणी म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट सांगते. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या जगभर वापरल्या जाणाऱ्या सेवेत अनुभवी इंजिनिअरनं, रात्री उशिरा, अडलेली कॉपी पुन्हा सुरू करताना, दोन सारख्या नावांच्या सर्व्हरपैकी चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, तोवर सुमारे 300 जीबीपैकी 4.5 उरले होते. नेहमीचा बॅकअप तपासला तर तो बनतच नव्हता. त्यांना वाचवलं ते त्याच इंजिनिअरनं दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी काढून ठेवलेल्या प्रतीनं.

आमच्याकडे मात्र 33 मिनिटं होती. पहिले 130 जीबी दोन्ही डिस्कवर सारखेच होते, त्यामुळे त्या भागात जे लिहिलं जात होतं ते आधीच तिथं होतं. तोवर एकही अक्षर जात नव्हतं. त्या अर्ध्या तासात कोणीही वायर ओढली असती तरी काही बिघडलं नसतं. आम्ही चहा आणि भडंग घेत होतो. पडद्यावर आकडे चढत होते.

"या वेळी अडकलं नाही बघा कुठं," मुलगा म्हणाला. 130 चा टप्पाही सुरळीत गेला. अण्णांनी देवाच्या फोटोकडे पाहून हात जोडले. जी डिस्क मघाशी टक्-टक् करत होती ती आता एकदाही अडखळत नव्हती, कारण तिच्यावरून कोणी वाचतच नव्हतं.

रात्री 10.53

सारखा भाग संपला. पुढे नव्या डिस्कवर कारखान्यातून आलेली शून्यं होती. ती जुनीवर उतरू लागली, मिनिटाला साधारण चार जीबी या वेगानं.

2011 साली सगळं एकदम उतरवलेलं, त्यामुळे जुनं काम पुढे आणि नवं मागे, अशीच बहुतेक मांडणी होती. 2003 ते 2006 च्या पत्रिका बचावल्या. त्यानंतर वर्षामागून वर्ष जात राहिलं. दिवाळी अंक अगदी अलीकडचा, उरलेल्या शेवटच्या जागेत असणार. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत तो बहुधा धड होता.

रात्री 12.40

कॉपी थांबली. डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही, असा संदेश.

"जागा संपली म्हणतोय."

ऑपरेटर ताई मान वर करून म्हणाल्या, "एक टीबीची?"

त्या रात्रीतला हा सगळ्यात नेमका प्रश्न होता. 500 जीबीचा मजकूर 1000 जीबीत मावणार नाही हे होणंच शक्य नाही. पण दमलेल्या माणसाला हवं तेच उत्तर सुचतं. शेवटचा एखादा सेक्टर असेल, असं म्हणून मुलानं जुनी डिस्क काढली आणि नवीवर मशीन चालू केलं.

रात्री 1.05

विंडोज सुरू झालं. तोच डेस्कटॉप, फाँट जागेवर, पेजमेकर उघडलं. डी ड्राइव्हमध्ये एकूण एक फोल्डर दिसलं, नावांसकट, तारखांसकट. अण्णांनी मुलाच्या पाठीवर थाप मारली.

ताईंनी दहावा फॉर्म उघडायला घेतला. उघडेना. अकरावा, तोही नाही. मुखपृष्ठाच्या चित्रावर क्लिक केलं तर चौकट रिकामी, आणि आकार मात्र दाखवत होता 84 एमबी. 2004 ची एक लग्नपत्रिका चटकन उघडली. त्यानं गोंधळ आणखी वाढला.

जुनी डिस्क लावून पाहिली. तिथंही नेमकं हेच.

रात्री 1.40

मुलानं तो कागद उचलला, दोन्ही डिस्कची लेबलं वाचली, आणि खालीच बसला. अण्णा त्याच्यावर ओरडले नाहीत. "पाणी आलं तेव्हा तू होतास," एवढंच म्हणाले.

पहाटेपर्यंत त्यानं परत मिळवून देणारी तीन-चार सॉफ्टवेअरं चालवली. डिलीट झालेली फाइल परत येते, कारण तिची फक्त नोंद गेलेली असते आणि मजकूर जागेवर असतो. इथं उलटं झालं होतं. नोंदी सगळ्या होत्या आणि मजकुराच्या जागी शून्यं. आजच्या डिस्कवर एकदा वरून लिहिलं की खालचं कुठल्याही प्रयोगशाळेत निघत नाही.

त्यानंतर

अंक निघाला. नऊ फॉर्मच्या पीडीएफ प्लेटवाल्याकडे होत्या. उरलेल्या चारांचं कागदी प्रूफ माझ्या पिशवीत होतं, लाल खुणांसकट. ताईंनी आणि त्यांच्या भाचीनं ते नव्यानं टाइप केलं. फोटो लेखकांकडून पुन्हा मागवले. धनत्रयोदशीला गठ्ठे स्टँडवर गेले.

बाकीचं आलं नाही. गावोगावचे अहवाल कुणाच्या ना कुणाच्या कपाटात छापील सापडतील. पण दोन कवितासंग्रह छपाईच्या आधीच्या टप्प्यावर होते आणि त्यांच्या वह्या कवींच्याच घरात पुरात भिजल्या होत्या. त्यातल्या एका कवींनी, वय 70 च्या पुढे, आठवतील तेवढ्या कविता फोनवर सांगायला सुरुवात केली. ताई त्या उतरवून घेतात, आता युनिकोडमध्ये. संग्रह पहिल्यापेक्षा बारीक होणार आहे.