रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आणि पाली परिसर

रत्नागिरी तालुक्यातील पाली हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर वसलेले आहे. येथूनच कोल्हापूरचा रस्ता आंबा घाटाच्या दिशेने वळतो. पूर्वी येथील तरुणाला महाविद्यालयीन शिक्षणासाठी हेच दोन मार्ग होते. एक मुंबईचा, दुसरा घाटावरचा.

शिक्षणासाठी कोकणवासीयांनी सोसलेले कष्ट महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या जीवनातून दिसतात. सहावीच्या परीक्षेसाठी इ.स. १८७५ मध्ये ते दापोलीजवळच्या मुरूडहून कुंभार्ली घाट ओलांडून पायी साताऱ्यास गेले. तेथे वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही.

हे अंतर कमी करण्याचे मोठे कार्य रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने केले. स्वातंत्र्यापूर्वी दोन वर्षे, म्हणजे १९४५ साली, रत्नागिरीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते गोगटे-जोगळेकर महाविद्यालय या नावाने परिचित आहे. कला व विज्ञान विभागास आर. पी. गोगटे यांचे, तर वाणिज्य विभागास आर. व्ही. जोगळेकर यांचे नाव देण्यात आले आहे. ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहे.

पुढे चिपळूण येथे १९६५ साली डी.बी.जे. महाविद्यालय, तर देवरूख येथे १९७२ साली आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय स्थापन झाले. त्याच वर्षी दापोलीस कोकण कृषी विद्यापीठही सुरू झाले.

याचे महत्त्व केवळ पदव्यांपुरते नाही. त्या काळी कोकणातील अनेक घरे मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चालत. अशा घरास मुलाला परगावी ठेवून शिकविणे परवडत नसे. मुलीला तर तशी परवानगीच क्वचित मिळे. सकाळच्या एस.टी.ने जाऊन सायंकाळी घरी परतता येऊ लागले, तेव्हा ही दारे उघडली. १९८२ च्या गिरणी संपानंतर मनीऑर्डरींचा आधार तुटला आणि शिक्षणाची निकड अधिकच जाणवली.

१९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबई आणखी जवळ आली. नोकरीसाठी गाव सोडणे मात्र थांबलेले नाही. महाविद्यालय दारी आले. आता शिकलेल्यांना येथेच काम मिळावे, हे पुढील पिढीपुढचे कार्य आहे.