बड स्पेन्सर

१. बड स्पेन्सर : मूळ नाव कार्लो पेदेर्सोली, जन्म नेपल्स, ३१ ऑक्टोबर १९२९, मृत्यू रोम, २७ जून २०१६. ही टीप ज्या मजकुराला जोडली आहे, त्यात यांचा निर्देश केवळ ‘धिप्पाड विनोदी नट’ असा आला असला, तरी ज्या देहाने पुढे लक्षावधी प्रेक्षकांना मनमुराद हसविले तो देह प्रथम जलतरणाच्या कठोर साधनेत घडला होता, आणि १९५० साली मुक्त शैलीने शंभर मीटरचे अंतर एका मिनिटाच्या आत कापणारा पहिला इटालियन म्हणून त्यांची दप्तरी नोंद झालेली आहे, हे वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. १९५२ चे हेलसिंकी व १९५६ चे मेलबर्न अशा दोन ऑलिंपिकांत ते उतरले. चित्रपटांतील खरी कीर्ती मात्र १९६७ पासूनची, टेरेन्स हिल ऊर्फ मारिओ जिरोत्ती यांच्या जोडीने मिळालेली. तिचा कळस १९७० च्या, ट्रिनिटी नावाच्या नायकाच्या चित्रपटात दिसतो. हिल चपळाईने सर्वांना चकवीत असता स्पेन्सर जागचे न हलता, कपाळाला आठी घालून, प्रतिपक्षाच्या टाळूवर वरून घणासारखी मूठ उतरवीत, आणि तो गडी क्षणभर तसाच ताठ उभा राहून मग कोसळे. रक्ताचा थेंबही न सांडता रंगणारी ही मारामारी मुलाबाळांसमवेत निःशंकपणे पाहता येई, आणि त्यांच्या लोकप्रियतेचे मर्म, आमच्या मते, अंगबळापेक्षा या निर्मळपणातच आहे. या लोकप्रियतेची खूण म्हणून हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे २०१७ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला. — संपादक