कांबळे : एका आडनावाची हकिकत

आपल्या कुठल्याही वस्तीत दहा दारे फिरा, एखाद्या दारावर 'कांबळे' ही पाटी निघतेच. इतके आपले आडनाव, पण त्याचा अर्थ विचारला तर नव्या पोरांना सांगता येत नाही.

कांबळे म्हणजे जाडीभरडी लोकरीची घोंगडी. संस्कृतात कंबल, पालीतही कंबलच. विनयपिटकात भिक्खूंच्या चीवरासाठी सहा प्रकारच्या कापडांना परवानगी आहे, त्यांत कापूस, रेशमाच्या जोडीला कंबलही आहे. (म्हणून आडनाव थेट तिथून आले असे कोणी समजू नये!) गावगाड्यात येसकराच्या हाती काठी अन् खांद्यावर घोंगडी असायची, तीवरून हे आडनाव पडले असे जुनी माणसे सांगतात.

अर्थ काहीही असो, लोक आडनावाचा उपयोग जात हुडकायला करतात. शहरात खोली बघायला जा. "आडनाव काय?" कांबळे म्हटले की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असते! विचारणाऱ्याला वाटते, जात कळली. पण कांबळे मातंगांत आहेत, चर्मकारांत आहेत, ख्रिस्ती झालेल्यांत आहेत, तिकडे बेळगाव-निपाणीकडेही आहेत. १९५६ साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा धर्म बदलला, बहुतेकांचे आडनाव तेच राहिले. काहींनी पुढे गावाच्या नावाला 'कर' लावून नवे घेतले. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पोराबाळांना घेऊन दारोदार खोली शोधणे काय असते ते आम्हाला ठाऊक आहे. पण त्यामुळे विचारणाऱ्याची खोड काही मोडली नाही.

याच आडनावाचा दुसरा उपयोगही झालेला आहे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. बाबासाहेब तेव्हा मॅट्रिक होऊन नुकते कॉलेजात गेले होते. आपल्या माणसांना लष्करात परत घ्या म्हणून शिवरामजींनी सरकारकडे अर्ज केले. १९२९ च्या पर्वती मंदिर सत्याग्रहातही ते पुढे होते. सरकारदरबारी सहीखाली आडनाव लपवावे असे त्यांना वाटले नाही.

पुढे १९८६ साली दोन पुस्तके आली : शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. दोघींचेही हे आडनाव सासरचे. आमच्या आयाबहिणींनी ही पुस्तके मिळवून जरूर वाचावीत. एकीला वाचता येत नसेल तर दुसरीने वाचून दाखवावीत.