न मागता दारात आलेला फॉर्म

आजचा एपिसोड राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या दारातून सुरू होतो, 1864 च्या अमेरिकेत जातो आणि परत घरी येतो. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती, थोडी साफसूफ करून.

ऑक्टोबर 2024. विधानसभेची निवडणूक जाहीर झालेली, दिवाळी तोंडावर. मी वर्क फ्रॉम होम घेऊन पुण्याहून घरी आलेलो. दुपारी बेल वाजली. दारात एक बाई, खांद्याला पिशवी, हातात कागदांचा गठ्ठा.

"आज्जी आहेत काय? त्यांचा फॉर्म आणलाय. घरातनंच मत द्यायचं असलं तर भरायचा."

आता माझा धंदा सॉफ्टवेअरचा. ऑफिसात फिशिंगचं ट्रेनिंग घेऊन घेऊन एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय: आपण मागितलं नसताना काही आलं, की आधी संशय घ्यायचा. मी विचारलं, "आम्ही कुठं अर्ज मागितला होता?"

"मागायला लागत नाही दादा. पंच्याऐंशीच्या वरच्यांची यादीच आलीय आमच्याकडं. ही पोचची सही द्या."

सही म्हटल्यावर माझा संशय डबल झाला. आज्जी झोपलीय, उद्या या, असं सांगून मी दार लावलं. जाताना त्यांनी एका चिठ्ठीवर आपलं नाव आणि नंबर लिहून दिला. आज्जी झोपलेली नव्हती. ती आतून सगळं ऐकत होती.

त्या रात्री मी वाचत बसलो, आणि कळलं की हा संशय माझ्या एकट्याचा नाही, दीडशे वर्षांहून जुना आहे. 1864 साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना लिंकन आणि मॅक्लेलन यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक होती. न्यूयॉर्क राज्यानं आघाडीवरच्या सैनिकांना सोय दिली होती: एका कागदावर अधिकारपत्र लिहायचं, मतपत्रिका पाकिटात घालायची आणि गावाकडं पाठवायची. त्या पाकिटांची सोय बघायला राज्याचे एजंट नेमले होते. त्यातल्याच काहींनी बाल्टिमोरच्या कचेरीत बसून सैनिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या खोट्या सह्या ठोकल्या आणि मॅक्लेलनच्या नावाची मतं भरली. पकडले गेले, लष्करी कोर्टापुढं खटला चालला, मोझेस फेरी नावाच्या एजंटनं कबुलीही दिली. कागद अगदी खरे होते, छापील, सरकारी. घोटाळा कुठं झाला? कागद हातात देणारा आणि परत घेणारा माणूस एकच होता आणि त्याच्यावर कुणाची नजर नव्हती, तिथं.

दुसरा किस्सा तर अगदी अलीकडचा. इंग्लंडनं 2000 सालच्या कायद्यानं कुणालाही कारण न देता टपालानं मत द्यायची मुभा दिली. जून 2004 मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेची निवडणूक झाली. लोकांच्या नावानं परस्पर अर्ज भरले गेले, मतपत्रिका भलत्याच पत्त्यांवर वळवल्या. पोलिसांना एका गोदामात रात्री टेबलावर शेकडो टपाली मतं पसरलेली सापडली. रिचर्ड मॉरी नावाच्या न्यायाधीशांनी एप्रिल 2005 मध्ये दोन वॉर्डांची निवडणूक रद्द केली. त्यांच्या निकालातले ताशेरे आजही लोक सांगतात. तोवर अर्जावरची सही कशाशी ताडून बघायची व्यवस्थाच नव्हती. म्हणजे पासवर्ड विचारायचा, पण तो बरोबर आहे का ते बघायचंच नाही! 2006 च्या कायद्यानं मग सही आणि जन्मतारीख जुळवणं आणलं.

आणि प्रत्येक वेळी लबाडीच असते असंही नाही. 2020 मध्ये कोविडच्या काळात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात एका संस्थेनं सुमारे 5 लाख मतदारांना टपाली मतदानाचे अर्ज पाठवले, न मागता. फॉर्म खरा, हेतूही बरा, पण बऱ्याच पाकिटांवर परतीचा पत्ता चुकीच्या निवडणूक कचेरीचा. एकाच नावाचं शहर आणि एकाच नावाची काउंटी, त्यात गोंधळ उडालेला. करवीर तालुक्याचा कागद कोल्हापूर शहराच्या टेबलावर जावा, तसा प्रकार.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आपल्याकडचा नियम उघडला. टपाली मत आपल्याकडं सैन्यातल्या लोकांना आणि निवडणूक ड्युटीवरच्यांना पूर्वीपासून होतं. 22 ऑक्टोबर 2019 ला नियम बदलून त्यात 80 च्या वरचे आणि दिव्यांग मतदार आले. पहिला प्रयोग त्याच वर्षी झारखंडमधल्या काही मतदारसंघांत झाला. मार्च 2024 मध्ये वय 85 केलं. अर्जाचा नमुना 12 डी. आणि तो घरपोच द्यायचा, मागितला नसला तरी, हे बीएलओचं कामच आहे. अधिसूचनेपासून 5 दिवसांच्या आत भरलेला अर्ज तेच परत नेतात आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडं जमा करतात.

म्हणजे त्या बाई खऱ्या असण्याची शक्यता होती. पण मग 1864 चा एजंटही खराच होता की! म्हणून कागद बाजूला ठेवून मी त्याचा परतीचा रस्ता बघितला. आयोगाच्या साइटवर आज्जीचा मतदार ओळखपत्राचा नंबर टाकला, तिचा यादी भाग आला, त्या भागाच्या बीएलओचं नाव आलं. चिठ्ठीवर तेच नाव होतं. 1950 ला फोन करून पद्धतही विचारून घेतली. फॉर्म फुकट असतो, त्यात बँक खातं नाही, ओटीपी नाही. ज्यांनी घरून मत द्यायचं ठरवलं त्यांची यादी उमेदवारांनाही मिळते. मत घ्यायला एकटा माणूस येत नाही, दोन मतदान अधिकारी, पोलीस आणि व्हिडिओवाला असं पथक येतं, आणि उमेदवारांचे प्रतिनिधी हजर राहू शकतात. बाल्टिमोरच्या कचेरीत यातलं काहीच नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला आधी कुणी सांगितली नव्हती, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची निघाली. सह्या दोन असतात. पोचची सही म्हणजे फक्त फॉर्म मिळाला. अर्जावरची सही म्हणजे मला घरून मत द्यायचंय. अर्ज मंजूर झाला की केंद्रावरच्या यादीत नावापुढं "पीबी" लागतं, आणि मग बूथवर मत देता येत नाही. आयत्या वेळी विचार बदलला तरी नाही. घाईत "दोन्हीकडं सही करा आज्जी" म्हणणारा नातू, म्हणजे मीच, तिचं बूथ कायमचं बंद करून बसलो असतो.

आज्जी 87 ची. 1957 ला तिला एकविसावं पूर्ण नव्हतं आणि तेव्हा मतदानाचं वय 21 होतं, म्हणून पहिलं मत 1962 ला. तेव्हापासून ती बूथवर चालत गेलीय. मी तिला पीबीचं समजावलं. ती म्हणाली, "मला उद्यापर्यंत वेळ दे. पाय काय म्हणतोय बघतो." (आमच्याकडं आज्ज्या "बघतो"च म्हणतात, पुण्याच्या श्रोत्यांनी दचकू नये.)

दुसऱ्या दिवशी बाई परत आल्या. मी ओशाळून चहा ठेवला. आज्जीनं पोचवर सही केली, मग फॉर्म डोळ्याजवळ धरून बराच वेळ वाचला. जिन्याकडं एकदा बघितलं आणि दुसरी सही केली.

मतदानाच्या काही दिवस आधी पथक आलं. पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. बाबा "मदत करू काय" म्हणत पुढं झाले, तर आज्जीनं आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात घालवलं. पाकीट तिनं स्वतःच्या हातानं चिकटवलं.

20 नोव्हेंबरला मी बूथवर गेलो. अधिकाऱ्यांनी यादीत माझं नाव शोधून खूण केली. आमच्या घराची नावं एकाखाली एक होती. माझ्या वरच्या चौकटीत आज्जीचा फोटो, आणि त्यावर लिहिलेलं पीबी.