मानेत्तिनो
इटलीच्या फेरारी मोटारींतील, स्टीअरिंगवर बसवलेला चालनपद्धती निवडण्याचा फिरता खटका. तो २००४ मध्ये एफ४३० या मोटारीत आला. बर्फ, निसरडा रस्ता, स्पोर्ट, रेस आणि नियंत्रण बंद, अशा त्याच्या पाच जागा होत्या.

ट्रॅक्शन कंट्रोल ही चाकांची पकड सांभाळणारी यंत्रणा किती लवकर हस्तक्षेप करेल, ते हा खटका ठरवतो. तिचे संवेदक प्रत्येक चाकाचा वेग मोजतात. एफ४३० मध्ये इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळते. ही चाके पुढच्यांपेक्षा फार वेगाने फिरू लागली की पकड सुटल्याचे ओळखून यंत्रणा ताकद आवरते. रेसमध्ये हा हस्तक्षेप उशिरा होतो, गिअरही झटपट बदलतात. शेवटच्या जागेवर ट्रॅक्शन व स्थैर्य नियंत्रण बंद होते. ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा मात्र चालू राहते. पकड टायर आणि रस्ता देतात, खटका नव्हे. पकड सुटल्यावर सावरणारी यंत्रणा बंद असल्याने ही शेवटची जागा सार्वजनिक रस्त्यावर कधीही वापरू नये.