भातखाचरातील मिथेन : विज्ञान, जनवकिली आणि धोरण (भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात)

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुके सह्याद्रीच्या ऐन पावसाच्या पट्ट्यात मोडतात. उतारावर बांध घालून केलेल्या खाचरांत येथे भात पिकतो. भाटघर, पानशेत, वरसगाव ही धरणे याच डोंगररांगांतील पाणी अडवितात. ते नीरेच्या कालव्यांना आणि पुणे शहराला जाते, खाचराच्या वाट्याला मात्र बहुतांशी पावसाचेच पाणी येते. साचलेल्या पाण्याखाली मातीतील प्राणवायू संपतो, सेंद्रिय द्रव्य कुजते आणि मिथेन तयार होतो. हा वायू वातावरणात सुमारे 12 वर्षेच टिकतो. परंतु 20 वर्षांच्या हिशेबात त्याची उष्णता धरण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 80 पट भरते. असे खाचर आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचा विषय कसे झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

1990 मध्ये वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने देशवार उत्सर्जनाचा क्रम प्रसिद्ध केला. त्यात भारताचे स्थान बरेच वर होते, व त्यामागे भातशेती आणि गुरे यांतील मिथेनचा मोठा वाटा होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या अनिल अग्रवाल व सुनीता नारायण यांनी 1991 मध्ये एका पुस्तिकेद्वारे या गणिताला आव्हान दिले. गरिबाच्या भाताचा मिथेन आणि श्रीमंताच्या मोटारीचा धूर एकाच तराजूत कसा घालावा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन हा भेद तेथून रूढ झाला. त्याच वर्षी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली, देशातील भातशेतांत प्रत्यक्ष मोजमापे झाली. परदेशी शेतांच्या आकड्यांवरून भारतासाठी वर्षाला 37 दशलक्ष टनांहून अधिक मिथेनचा अंदाज काढण्यात आला होता. मोजणीअंती तो सुमारे 4 दशलक्ष टन ठरला. नैतिक युक्तिवादाला मोजमापाचे पाठबळ मिळाले, हे या प्रकरणाचे खरे महत्त्व होय.

पुढील भारतीय भूमिकेवर या भेदाची छाप स्पष्ट दिसते. अल्पजीवी प्रदूषकांविषयीच्या आंतरराष्ट्रीय आघाडीत भारत 2019 मध्ये सामील झाला. तथापि 2021 च्या ग्लासगो परिषदेतील मिथेन प्रतिज्ञेपासून तो दूर राहिला. अल्पभूधारकांची उपजीविका हे त्याचे एक प्रमुख कारण शासनाने दिले. ही भूमिका न्याय्यच होती. परंतु ज्या शेतकऱ्याच्या नावाने ती घेतली गेली, त्याच्या खाचरात काय बदलता येईल हा प्रश्न तिच्या आडोशाला राहिला.

2011 च्या संयुक्त राष्ट्रांच्या मूल्यांकनात भातशेतीतील पाणी अधूनमधून काढून टाकण्याचा उपाय सुचविला होता. कालव्याच्या प्रदेशात तो सोपा आहे. भोर-वेल्ह्यात आषाढ-श्रावणात पाऊस खंड घेत नाही, आणि वरच्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात उतरते. एकट्या शेतकऱ्याने बांध फोडून भागत नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी व लावणी टाळून गादीवाफ्यावर भात टोकतात. त्याचा प्रसार प्रामुख्याने मजुरी आणि मशागतीचा खर्च वाचतो या कारणाने झाला. मिथेनचा उल्लेख शेतकऱ्यापुढे नंतर आला.